ओट्यावरची जोडी

१

टाकीबागेत संध्याकाळी शिट्टी वाजली की मुलं आधी रुसतात आणि मग आपापल्या चपला शोधायला फाटकाशी पळतात. शिट्टी केशवरावांची. साकोलीच्या एसटी आगारात त्यांनी आयुष्यभर गाड्या सोडल्या, निवृत्त होऊन घरी आले, पण शिट्टी काही सुटली नाही. जित्याची खोड, असं त्यांची सून रक्षा म्हणते, आणि सासऱ्यांच्या देखत म्हणते. तरी ही उजाड बाग पुन्हा उभी राहिली ती याच शिट्टीवर, हे सगळा मोहल्ला मान्य करतो.

बागेचा नियम एकच. हिरवळीवर चपला घालून जायचं नाही. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला सिमेंटचा ओटा आहे, तिथं चपला काढायच्या आणि अनवाणी पुढं जायचं. हा नियम लोकांनी पहिल्याच दिवसापासून पाळला, कारण त्यांना तो नवा नव्हता. इकडे धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, कोणी पायताणासकट उतरत नाही. बांधाला इकडे धुरा म्हणतात. धुऱ्यावर चपला काढायच्या, चिखलात काम करायचं, वर येऊन त्याच चपला घालायच्या. दुसऱ्याच्या चपलेला कोणी हात लावत नाही. धुऱ्यावर चपला दिसल्या म्हणजे माणूस आत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सगळे गेल्यावर ओटा झाडायचं काम नुकतंच केशवरावांकडून कामिनीकडं आलेलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय पंचेचाळिशीच्या पुढं, लग्न केलेलं नाही, घरी म्हातारी आई. पौषातल्या एका संध्याकाळी ती खराटा घेऊन आली तर ओट्याच्या टोकाला एक जोडी उरलेली होती.

"केशवभाऊ, ह्या कोणाच्या राहिल्या?"

"राहिल्या असतीन कोणाच्या. सकाळी येईन न तो."

"मंग घरी अनवाणी गेला का?"

"आजकाल लोकाईचं डोकं मोबाईलमधी राहते, मॅडम. पाय कुठं आहेत ते त्याईलेच माहीत नाही."

कामिनी हसली. तिनं जोडीभोवतीनं झाडून घेतलं. चपला चामड्याच्या होत्या, तळाला टायर ठोकलेला, जुन्या पद्धतीच्या. पुढची बोटं बागेकडं. कोणी नुकत्याच काढून आत गेला असावा, तशा. आत मात्र कोणी नव्हतं. हिरवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती. झोपाळ्यांवर मावळतीचं ऊन पडलं होतं.

सकाळी ती चालायला आली तेव्हा जोडी नव्हती. ज्याची त्यानं नेली, असं म्हणून तिनं विषय सोडला. संध्याकाळी शिट्टी झाली, मुलं गेली, आणि जोडी होती.

२

बागेचं खरं नाव एका दगडावर कोरलेलं आहे, पण तो दगड कोणी वाचत नाही. पाण्याच्या टाकीखाली म्हणून टाकीबाग. पूर्वी इथं गुलाबाचे वाफे होते, कारंजं होतं, आणि खांबावरचा भोंगा संध्याकाळी रेडिओ ऐकवायचा. गावात नवी सून आली की तिला आधी देवळात न्यायचे आणि मग टाकीबागेत.

मग ते एक साल आलं. धान निसवायला, लोंब्या फुटायला आलं होतं आणि पाऊस रुसला होता. कालव्याचं पाणी सोडा म्हणून सिहोऱ्याकडची, मोहाडीकडची माणसं मोर्चा घेऊन आली. सावली बघून सभा बागेत भरली. सतरंज्या अंथरल्या, माणसं फाटकाशी चपला काढून आत बसली. दुपारी गडबड उडाली. आधी दगड आला की आधी लाठी, यावर पानठेल्यावर आजही वाद होतो आणि कोणीच जिंकत नाही. फाटक एकच होतं. ते तुंबलं. मागची माणसं मागच्या भिंतीवरून उड्या टाकून पळाली. भिंतीपलीकडं गावची बोडी होती, म्हणजे लहानसं तळं, वर शेवाळ आणि खाली गाळ, किती खोल ते कोणी पाहिलेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बाग रिकामी झाली. फाटकाशी चपला तेवढ्या राहिल्या, ओळीनं काढलेल्या. पुढं चार-आठ दिवस माणसं येत, आपली जोडी ओळखून घालून जात. काही जोड्या न्यायला कोणीच आलं नाही. मग एके दिवशी झाडूवाल्यांनी त्या गोळा करून नेल्या. बोडीचा गाळ कोणी उपसला नाही. काही वर्षांनी तिच्यात मुरूम टाकला, भिंत पाडली, आणि बाग मोठी केली म्हणून फीत कापली.

त्यानंतर बागेची रया गेली ती गेलीच. कारंज्याचा पाइप चोरीला गेला, गाजरगवत माणसाएवढं वाढलं, दुपारपासून बाटल्या फुटू लागल्या. बायका बाजारातून येताना लांबचा रस्ता धरत. आपल्याकडं एखादी जागा अशी टाकून द्यायला कोणाचा हुकूम लागत नाही. माणसं तिकडं बघायचं बंद करतात, तेवढं पुरतं.

मागच्या उन्हाळ्यात केशवराव, रक्षा आणि बचत गटाच्या बायकांनी दर रविवारी श्रमदान सुरू केलं. कामिनी पहिल्या दिवसापासून होती. सगळ्यांनी मिळून गाजरगवत उपटलं, ओटा बांधला, झोपाळे रंगवले. बोडीच्या जागी पावसाळ्यात हिरवळ लावली, आणि ती अशी फोफावली की कृषी खात्यातला मनुष्य येऊन बघून गेला. "माती भारी ओलदार आहे," तो म्हणाला. बागेत पुन्हा मुलं हसू लागली. कामिनीला त्या हसण्याचं फार अप्रूप वाटायचं, कारण तिचा भाऊ चंद्रकुमार त्या मोर्चाला गेला होता आणि परत आला नव्हता.

३

कामिनीच्या घराच्या दारात, उजव्या कोपऱ्यात, पितळेचा लोटा भरून ठेवलेला असतो. शेतातून आलेल्या माणसानं पाय धुऊन आत यावं म्हणून. घरात आता शेतातून येणारं कोणी नाही. तरी आई मंदाबाई रोज दिवेलागणीला विचारते, "लोटा भरला का वो?" आणि कामिनी भरते. सकाळी तेच पाणी तुळशीला घालते.

चंद्रकुमार गेला तेव्हा कामिनी नववीत होती. तिच्या आठवणीतला दादा पुरा नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. सायकलच्या दांड्यावर तिला बसवणारा. आई रागावली की तोंडात बोळा कोंबल्यासारखा गप्प बसणारा. आणि मोर्चाच्या आदल्या दिवशी बाजारातून चपलेचा अंगठा शिवून आणलेला, हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यानं. "दोरा पाह कसा हाये, मासोळीच्या जाळ्याचा. पाय तुटन पण दोरा तुटनार नाही," असं तो म्हणाला होता.

मंदाबाईचं माहेर करडी. तिथला एक रिवाज तिनं कामिनीला लहानपणीच सांगितला होता. मंदाबाईचा काका बांधीत साप चावून गेला. माणूस उचलून आणला, सगळं झालं, पण घरात कोणाला चैन पडेना. चपला धुऱ्यावरच राहिल्या होत्या. मग मंदाबाईची आजी धुऱ्यावर गेली. तिनं चपला हातात घेतल्या, बराच वेळ उलटसुलट पाहत राहिली, आणि बांधीकडं तोंड करून मुलाला नावानं हाक मारली, "चाल घरी." आणि मागं न बघता चालत आली. दारात पाणी ओतलं.

"एकच हाक मारा लागते," मंदाबाई सांगायची. "तिकडं माणसाले आपल्या नावाची एकच हाक आयकू येते. दुसरी जात नाही."

"मंग दादाच्या चपला तू काहून नाही आणल्या?" कामिनीनं एकदाच विचारलं होतं. तेव्हा ती कॉलेजात होती आणि आईचा राग आला होता.

"जित्या माणसाले कोणी असं आणते का?" मंदाबाई म्हणाली होती. फाटकाशी जाऊन मुलाची जोडी डोळ्यांनी पाहून, हात न लावता, ती परत आली होती. तो येईल आणि स्वतः घालेल म्हणून. दोघी मायलेकींचं आयुष्य त्या एका न लावलेल्या हातावर अडकून पडलं होतं. कामिनीला स्थळं आली ती आईनं नाही म्हटली नाहीत आणि हो पण म्हटली नाहीत. घर बदलायचा विषय निघाला की लोटा कुठं ठेवायचा यावर येऊन थांबायचा.

आता मंदाबाईचं हृदय थकलं होतं. जेवण दोन घासांवर आलं होतं. दृष्टी तर आधीच गेल्यात जमा. डॉक्टर म्हणाले, जेवढे दिवस आहेत तेवढे सुखात जाऊ द्या. सुख कुठून आणायचं, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही.

४

जोडी येत राहिली. कामिनीनं स्वतःशी पुष्कळ वाद घातला. कोणी वेडसर माणूस असेल. रोज येतो, चपला ठेवतो, मागच्या कुंपणातून जातो, पहाटे घेऊन जातो. थट्टा असेल. पोरांचा काही खेळ असेल. शाळेत ती गणित शिकवायची, आणि उत्तर चुकलं तर आधी रीत तपासा असं मुलांना सांगायची. तिनं रीत तपासली. एका संध्याकाळी ती शिट्टीच्या आधीपासून ओट्यासमोर बाकावर बसून राहिली. माणसं आली, माणसं गेली. रक्षा आपल्या लेकीचे सॅंडल शोधत ओट्याशी वाकली, पोरीला दटावत उठली, आणि ती बाजूला झाली तेव्हा टोकाला जोडी होती.

"रक्षा, ह्या आत्ताच होत्या का इथं?"

"कोणत्या?" रक्षानं वळून पाहिलं. "असतीन, ताई. म्या पाहिलं नाही."

कामिनी उठून जवळ गेली. पहिल्यांदाच खाली बसून तिनं नीट पाहिलं. चामडं ओलं होतं. पाणी पडून ओलं झालेलं नव्हे, आतून फुगलेलं. टायरच्या खाचांत काळा गाळ होता आणि त्याला शेवाळाचा वास येत होता. बाहेर महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. धानाची कापणी होऊन पेंढ्यांचे पुंजणे रचले गेले होते, धुळीनं झाडं पांढरी झाली होती. डाव्या चपलेचा अंगठा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला होता.

 ती ओट्यावरच बसली. मागून केशवराव आले, कुलूप हातात घेऊन उभे राहिले. 

"केशवभाऊ, तुम्ही ह्या रोज पाहता न?"

"हाव."

"कवापासून?"

"हिरवळ लावली तवापासून." केशवरावांचा आवाज खाली गेला. "मॅडम, एक म्हणू का? पाहिल्याच नाही असं समजा. किती वर्षानं इथं लेकरं खेळून राहिले. ही गोष्ट मोहल्ल्यात गेली की झालं, पुन्हा गाजरगवत. ज्याचे कोणाचे आहेत त्याचे असू द्या."

"माह्या दादाच्या आहेत."

केशवरावांनी मान खाली घातली. त्यांना सगळं ठाऊक होतं; गाव लहान आहे. त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि कामिनीला तिच्या गल्लीपर्यंत सोडून आले. वाटेत ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

५

संक्रांतीच्या आधी मंदाबाईनं जेवण सोडलं. हट्टानं नव्हे, घास तोंडात धरून ती विसरून जायची. त्या दुपारी कामिनी शाळेतून लवकर आली. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"माय, दोन चमचे पेज घे."

"तो आल्याबिगर मी जात नाही, अना तो येत नाही," मंदाबाई भिंतीला सांगावं तसं म्हणाली. "तुही त जिनगानी खाल्ली म्या, पोरी."

कामिनीला रडू फुटलं. इतक्या वर्षांत आईनं हे कधी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं तर ते ऐकवेना. तिनं आईचा हात हातात घेतला आणि न ठरवताच बोलून गेली.

"माय, बागेत एक जोडी येते. सांजचे. हिरव्या दोऱ्यानं शिवलेली."

मंदाबाई हलली नाही. श्वास तेवढा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"ओल्या आहेत का?"

"हाव."

 म्हातारीनं डोळे मिटले. तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाहून कानाकडं गेलं. आपला मुलगा जिवंत नाही, हे ती त्या क्षणी पहिल्यांदा मान्य करत होती. जोरानं रडायची ताकदही तिच्यात उरली नव्हती.

"मंग आण त्याले," ती म्हणाली. "मले नेशील का?"

"डॉक्टरानं उठू नोको म्हटलं, माय."

"मंग तूच जा. आधी नीट पाहजो. मंग हाक मारजो."

"पाहिलं म्या. दोरा पाहिला."

"नीट पाहजो," मंदाबाई पुन्हा म्हणाली.

६

केशवरावांनी काही न विचारता फाटक उघडं ठेवलं आणि स्वतः रस्त्यापलीकडं जाऊन पाठमोरे उभे राहिले. सूर्य टाकीच्या मागं गेला होता, उजेड अजून होता. जोडी होती.

कामिनीनं ती उचलली. जड होती. नीट पाहायचं म्हणून तिनं दोरा पाहिला. पुन्हा एकदा, अंगठा फिरवून, दोरा पाहिला. तेवढ्यात हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला, झोपाळ्यांच्या मागं, गवत दबल्यासारखं तिला वाटलं. मग त्याच्या अलीकडं. जड माणसाचं एकेक पाऊल पडावं, तसं. वारा नव्हता. आता थांबले तर पुन्हा हे धाडस होणार नाही, असं तिला वाटलं.

"चंद्रकुमार," तिनं हाक मारली. दादाला नावानं हाक मारायची तिची ही पहिलीच वेळ. "चाल घरी."

आणि ती वळली.

बागेपासून घर काही लांब नाही. मारुतीचं देऊळ, आटाचक्की, मग बोळ. आटाचक्की सुरू होती, तिच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. बोळात शिरल्यावर आवाज मागं पडला आणि तिला आपल्या चालण्याखेरीज आणखी एक चालणं ऐकू आलं. अनवाणी. ओलं. ती थांबली असती तर तेही थांबलं असतं, अशी तिची खात्री होती, म्हणून ती थांबली नाही. समोरून दळण घेऊन येणाऱ्या शेजारच्या मंगलाबाई तिला बघून हसल्या, आणि तिच्या मागं बघून सवयीनं पदर सारखा करत भिंतीच्या बाजूला झाल्या. परका पुरुष चालला की बायका होतात, तशा.

कामिनीनं मागं पाहिलं नाही. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या तळाशी आनंदही होता. दादा तिच्या मागून घरी येत होता.

७

दारात तिनं लोट्यातलं पाणी उंबऱ्यावर ओतलं आणि आत गेली. मंदाबाई कशी कोण जाणे, खाटेवर उठून बसली होती. केस सारखे केले होते.

"आणला?"

"आणला, माय."

तिनं चपला आईच्या मांडीवर ठेवल्या. म्हातारीनं त्या दोन्ही हातांनी धरल्या, छातीशी नेल्या, हुंगल्या. मग तिची बोटं तळावरून फिरू लागली. अंगठ्याशी गेली, दोऱ्यावर थांबली, पुढं गेली. टाचेशी आली. टाचेवरून एकदा फिरली, परत फिरली. डाव्या चपलेची टाच झाली, उजव्या चपलेची झाली. मंदाबाईचा चेहरा हळूहळू विझत गेला.

"कामिनी," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हे चंदूच्या नोहोत."

"दोरा पाहा न, माय. हिरवा दोरा..."

"हिरव्या दोऱ्यानं त बाजारातला मोची सगळ्याईच्याच शिवे. तवा दुसरा दोराच नव्हता त्याच्यापाशी." तिनं कामिनीचा अंगठा धरून टाचेवर टेकवला. "माहा चंदू पाय बाहेर टाकून चाले. त्याची टाच बाहेरून झिजे. हे पाह, आतून झिजली."

टाच आतून झिजलेली होती. एवढं धडधडीत, की पोराला दाखवलं तरी कळलं असतं. आजी बराच वेळ उलटसुलट काय पाहत होती, ते कामिनीला आता कळलं.

दारात रिकामा लोटा कलंडून घरंगळला. फरशीवर तो गोल फिरत राहिला आणि थांबला. कामिनी दाराकडं पाठ करून बसली होती. उठून दार लावावं असं तिला वाटत होतं, आणि आतल्या बाजूनं लावायचं की बाहेरच्या, हे समजत नव्हतं. शेवाळाचा वास खोलीत आला. फरशीवर तिच्या गुडघ्याशेजारी एक काळी ओली पाऊलखूण होती. मग खाटेच्या पायथ्याशी दुसरी. खाट एका बाजूनं किंचित खाली गेली, माणूस बसल्यावर जाते तेवढी.

मंदाबाई आपल्या अधू डोळ्यांनी तिकडं पाहत होती.  कामिनीला वाटलं, आता माय किंचाळेल. पण म्हातारीनं हात पुढं केला आणि हवेत, डोकं असावं तितक्या उंचीवर, थांबवला. मग बोटं केसांतून फिरवावी तशी फिरवली.

"आला का, चंदू?" ती म्हणाली. "लय उशीर केला, बाबू."

आणि कामिनीकडं वाकून, ओठ तिच्या कानाला लावून, "त्याले समजू देऊ नोको. कोणाचा तरी लेक होय. त्याले कोणी हाक मारली नव्हती इतके वर्ष. ताट वाढ."

कामिनीनं ताट वाढलं. मंदाबाईनं त्या रात्री पोटभर पेज घेतली, आणि भिंतीकडं तोंड न करता झोपली.

८

दुसऱ्या दिवशी शिट्टी नेहमीच्या वेळेला झाली. मुलं रुसली, पळाली. रक्षा लेकीला ओढत घेऊन गेली. कामिनीला खराटा धरवत नव्हता, तरी ती आली. कुठंतरी तिला आशा होती की ओटा आज रिकामा असेल.

ओट्यावर टोकाशी एक जोडी होती. चामड्याची, टायर ठोकलेली, ओली. डाव्या अंगठ्याला हिरवा दोरा. कामिनी खाली बसली. अंगठा टाचेवर ठेवायच्या आधीच तिला कळलं होतं. टाच बाहेरच्या बाजूनं झिजली होती, इतकी की टायरमधला दोर दिसत होता.

आणि बोटं बागेकडं नव्हती. फाटकाकडं होती. निघायला तयार झालेल्या माणसानं पायात सरकवायला वळवून ठेवावी, तशी. काल त्याच्या नावाची हाक पडली होती. ती त्याला ऐकू गेली होती; उचललेल्या चपला मात्र त्याच्या नव्हत्या.

कामिनीनं मान वर केली. हिरवळ जिथं संपते आणि ओटा सुरू होतो, तिथं गवत दोन पावलांएवढं दबलेलं होतं. पावलं बाहेरच्या अंगाला फाकलेली. तिच्यापासून हातभर अंतरावर. ती खूण उठत नव्हती आणि पुढंही येत नव्हती.

तिनं नाव घ्यायला तोंड उघडलं. नाव घरी होतं. खाटेवर बसलं होतं, आईच्या हातून घास घेत होतं, आणि आई इतक्या वर्षांनी जेवत होती.

"दादा," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. हुंदका दाबून तिसऱ्यांदा म्हणाली. "दादा, मी आहो. कामिनी."

गवत तसंच राहिलं. दुसरी हाक तिकडं जात नव्हती.

फाटकापाशी केशवराव शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभे होते. "चला, मॅडम," ते हळूच म्हणाले. "मंदाबाई वाट पाहत असतीन."

कामिनीनं पदरानं डोळे पुसले. जोडीच्या आजूबाजूनं ओटा झाडून घेतला. मग ती उठली, आणि घरी तिघांचा स्वयंपाक करायला निघाली.